मृगाच्या आत बंद, पेरणीलाच उघडायचं: घरच्या गव्हाच्या बियाण्याची उगवणशक्ती कशी टिकवावी

महाराष्ट्रात गव्हाची सोंगणी साधारण मार्चमध्ये जोरात असते आणि बागायती गव्हाची वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान होते. म्हणजे बेण्याचा गहू घरात सात-आठ महिने काढतो. या मुदतीचे दोन अगदी वेगळे भाग पडतात. आधी एप्रिल-मेचं कोरडं ऊन आणि मग जून ते सप्टेंबरची दमट हवा. बहुतेकांना भीती वाटते ती उन्हाची. उगवण मात्र बिघडते पावसाळ्यात, आणि नोव्हेंबरात वाफ्यात विरळ रोपं दिसेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तोवर पेरणीची वेळ गेलेली असते आणि दुबार पेरणी म्हणजे उशिराचा गहू, कमी उतारा.

म्हणून सगळं काम एका तारखेभोवती रचायचं. मृग नक्षत्र लागतं ७ जूनच्या आसपास. त्याआधी बियाणं पूर्ण वाळलेलं, निवडलेलं आणि हवाबंद झालेलं हवं. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे.

ओलावा जास्त घातक की उष्णता?

गव्हाचा दाणा वाळला तरी जिवंत असतो. त्याच्या एका टोकाला असलेला अंकुर अत्यंत मंद गतीने श्वास घेत राहतो. हा अंकुर दाण्याच्या वजनाच्या जेमतेम अडीच-तीन टक्के असतो, पण तेलाचा अंश त्यातच जास्त असतो. ओलावा आणि उष्णता वाढली की हे तेल खवट होतं, पेशींची आवरणं झिजतात आणि अंकुर म्हातारा होत जातो. बाहेरून दाणा तसाच टपोरा आणि चकचकीत दिसतो. पीठ छान पडतं, पोळी छान होते. उगवण मात्र गेलेली असते. खाण्याचा चांगला गहू आणि पेरण्याचा चांगला गहू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनात पक्कं असावं.

अमेरिकी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी मांडलेला एक ढोबळ नियम जगभर वापरला जातो. बियाण्यातला ओलावा एक टक्का कमी केला की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केलं तरी दुप्पट होतं. ओलाव्याचा नियम साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान लागू पडतो.

आता हा नियम आपल्या हवामानाला लावून पाहू. मे महिन्यात खोलीत ४० अंश तापमान आहे आणि गव्हात १० टक्के ओलावा आहे. जुलैत खोली २८ अंशांवर आली, पण उघड्या पोत्यातल्या गव्हाने हवेतलं पाणी ओढून ओलावा १४ टक्क्यांवर नेला. तापमान १२ अंशांनी उतरलं, म्हणजे आयुष्य सुमारे पाचपट वाढायला हवं होतं. पण ओलावा चार टक्क्यांनी चढला, त्यामुळे ते सोळापट घटलं. हिशोब केला तर जुलैतला गारव्यातला गहू मेमधल्या तापलेल्या गव्हापेक्षा तिपटीने वेगाने म्हातारा होतोय. शिवाय १४ टक्क्यांच्या आसपास साठवणीतल्या बुरशा जाग्या होतात आणि त्या आधी अंकुरावरच बसतात. किडीही याच ओलाव्यात भराभर वाढतात.

गहू हवेतलं पाणी ओढतो आणि सोडतोही. हवेची आर्द्रता ६० टक्के असेल तर तो सुमारे १२ टक्के ओलाव्यावर स्थिरावतो, ७५ टक्के आर्द्रतेत १४-१५ टक्क्यांवर जातो आणि ३० टक्क्यांच्या आसपासच्या कोरड्या हवेत साडेआठ-नऊपर्यंत उतरतो. मे महिन्यात नाशिक, नगर, मराठवाड्यातली दुपारची हवा इतकी कोरडी असते की गहू फुकटात त्या पातळीला येतो. कोकण किंवा बंगालसारख्या दमट भागाला हे भाग्य नाही. निसर्गाने दिलेला हा कोरडेपणा मृगाआधी कोंडून ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

बियाण्याचं काम उभ्या पिकात सुरू होतं

साठवणीत बियाणं सुधारत नाही. आत जे गेलं त्याचाच दर्जा फार तर टिकतो. म्हणून बियाण्यासाठीचा तुकडा ओंब्या निसवतानाच ठरवावा. बांधाकडची, सावलीतली, लोळलेली जागा सोडून शेताच्या मधला सारखा वाढलेला भाग घ्यावा.

गहू स्वपरागसिंचित, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरणारं पीक आहे, त्यामुळे घरचं बियाणं ठेवता येतं. बीजोत्पादनाच्या नियमात दुसऱ्या जातीपासून अंतरही फक्त ३ मीटर ठेवावं लागतं. भेसळ होते ती बहुधा मळणीयंत्रात आणि पोत्यात. तरीही शेतात दोनदा फिरून उंच, वेगळ्या रंगाच्या किंवा वेगळ्या कुसळाच्या ओंब्या उपटाव्यात.

काणीची ओंबी दिसली तर तिच्याकडे विशेष लक्ष द्यावं. दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली ही ओंबी हलवली तरी बीजाणू उडतात आणि शेजारच्या फुलोऱ्यातल्या निरोगी दाण्याच्या आत जाऊन बसतात. असा दाणा बाहेरून ओळखता येत नाही. रोग पुढच्या वर्षीच्या ओंबीतच दिसतो. म्हणून काणीच्या ओंबीवर अलगद कागदी पिशवी चढवून ती कापावी आणि शेताबाहेर नेऊन जाळावी. काणी बरीच असेल तर त्या शेताचं बियाणं ठेवूच नये. बीजोत्पादनात काणीचं प्रमाण मर्यादेबाहेर असलेल्या शेतापासून १५० मीटर अंतर राखायला सांगतात, यावरून तिचा पसारा लक्षात येईल.

सोंगणीच्या वेळी दाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा. एन.आय. ५४३९ आणि त्र्यंबक या जातींचे दाणे पूर्ण पिकल्यावर शेतात झडतात, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी काढतात. बियाण्याच्या दृष्टीने उशिराचा आणखी एक तोटा आहे. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि पिकलेली ओंबी भिजली की दाण्यात उगवणीची प्रक्रिया सुरू होऊन थांबते. मोड दिसला नाही तरी तो दाणा नंतर टिकत नाही. भिजलेला गहू खायला ठेवावा आणि बियाण्यासाठी न भिजलेला शोधावा.

मळणीत अंकुराला मार बसतो. गहू ओला असेल तर अंकुर ठेचतो आणि फार कडक असेल तर दाणा तडकतो. यंत्राचा वेग नेहमीपेक्षा कमी ठेवावा आणि पहिल्या घमेल्यातले मूठभर दाणे पाहावेत. शंभरात तीन-चार दाणे फुटलेले दिसले तर वेग आणखी उतरवावा. आधीच्या शेतकऱ्याचा गहू यंत्रात अडकलेला असतोच. म्हणून सुरुवातीचं एखादं पोतं बाजूला काढून खाण्यात घालावं. ही सवय लावून घेतली तर निम्मी भेसळ तिथेच संपते.

वाळवण

मळणीनंतर गहू कोरडा वाटतो, पण दाण्याच्या आत पाणी असतं. दोन-तीन दिवस ऊन दिल्याशिवाय भरू नये. १०० किलो गहू १४ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला तर वजन साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास भरतं. म्हणजे साडेचार किलो पाणी उडालं. वाळवण्याआधी आणि नंतर एक पोतं काट्यावर ठेवून पाहिलं तर ओलावा किती उतरला याचा अंदाज घरबसल्या येतो.

जागा निवडताना उघडी फरशी, सिमेंटचं अंगण आणि काळी प्लॅस्टिकची ताडपत्री टाळावी. एप्रिल-मेच्या दुपारी हे पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतात आणि अजून दमट असलेल्या बियाण्याचा अंकुर तिथे भाजतो. बियाण्याचं तापमान साधारण ४३ अंशांच्या वर जाऊ नये असं मानतात. जाड सतरंजी, गोणपाट किंवा कापडी ताडपत्री अंथरावी. तीन-चार बोटं जाडीचा थर करावा आणि तासाभराने दाताळ्याने किंवा हाताने उलटावा. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चारनंतरचं ऊन उत्तम. भर दुपारी गहू गोळा करून गोणपाटाने झाकावा. रात्री उघडा ठेवू नये, दवाने दिवसाची कमाई जाते.

वाळवून झाल्यावर गहू गरम असताना कोठीत ओतण्याची घाई अनेक घरांत होते. ही चूक महागात पडते. गरम दाणे बंद भांड्यात गेले की बाजू आधी गार होतात, आतली वाफ वर चढते आणि झाकणाखाली पाण्याचे थेंब धरतात. नंतर वरच्या थराला कुबट वास येतो तो याच पाण्यामुळे. वाळलेला गहू सावलीत पसरून रात्रभर झाकून गार होऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हवेत दमटपणा नसताना भरावा.

पुरेसा वाळला हे कसं ओळखायचं

जवळच्या बाजार समितीत, बियाणं प्रक्रिया केंद्रावर किंवा कृषी विज्ञान केंद्रात ओलावामापक असतो. पाव किलो नमुना नेला तर काही मिनिटांत आकडा मिळतो. तो मिळत असेल तर तोच घ्यावा.

मापक नसेल तर मिठाची बाटली वापरावी. कोरडी काचेची बाटली घ्यावी. तव्यावर कोरडं केलेलं मीठ तिच्या पाव भागापर्यंत आणि गहू आणखी पाव भागापर्यंत टाकावा. बूच घट्ट लावून काही मिनिटं जोरात हलवावी आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यावी. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. न चिकटलं तर १५च्या खाली आहे, एवढंच कळतं. १० की १३ हे ही बाटली सांगत नाही. तिथे दात कामाला येतो. पूर्ण वाळलेला दाणा दाढेखाली कडकन फुटतो आणि स्वच्छ दोन तुकडे होतात. दबला, चेपला किंवा चिकट वाटला तर अजून एक-दोन दिवस ऊन हवं.

प्रमाणित बियाण्याच्या मानकात गव्हाची उगवण किमान ८५ टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के आणि साध्या पिशवीत ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के सांगितला आहे. बाष्परोधक डब्यासाठी मात्र मर्यादा ८ टक्के आहे. हा फरक का, हे समजून घ्यायला हवं. साध्या पोत्यातून ओलावा ये-जा करतो. घट्ट बंद डब्यात आत राहिलेलं पाणी बाहेर जायला जागा नसते. १३-१४ टक्के ओलाव्याचा गहू हवाबंद केला तर तो आत आंबतो आणि उघड्या पोत्यातल्यापेक्षाही लवकर मरतो. म्हणून घरी हवाबंद करायचं असेल तर १० टक्क्यांच्या खाली उतरवण्याचा आग्रह धरावा. ८-९ मिळाला तर फारच उत्तम, आणि आपल्याकडे मेमध्ये तो मिळतो.

चाळणं आणि निवडणं

हे काम थोडक्यात आटोपतं, पण टाळू नये. फुटके दाणे, पोचट दाणे, कुसळं, माती आणि तणाचं बी चाळून उफणून काढावं. फुटक्या दाण्यावर पिठावर जगणारा तांबडा भुंगेरा पोसतो आणि मातीचे कण ओलावा धरतात. बारीक दाण्यांचा गाळा बियाण्यात ठेवू नये. लहान दाण्यात अंकुराला पोसणारा साठाच कमी असतो. चिकट्या, चांदवेल यांसारख्या तणांचं बी राहिलं तर आपणच ते पुढच्या शेतात पेरतो.

कशात भरायचं

इथे खर्च, जागा आणि बियाण्याचं प्रमाण पाहून ठरवावं लागतं, म्हणून एकेक पर्याय नीट पाहू.

तागाचं पोतं सगळ्यात सोपं, पण आपल्या पावसाळ्यात बियाण्यासाठी सगळ्यात कमकुवत. त्यातून हवा आणि दमटपणा मुक्तपणे आत जातात आणि किडीही जातात. पोत्याशिवाय पर्याय नसेल तर पोतं नवीन घ्यावं. भिंतीपासून हात-दीड हात अंतर ठेवून लाकडी फळ्यांवर थप्पी लावावी, थप्पीखाली प्लॅस्टिकचा कागद टाकावा आणि ओलावा १२च्या बराच खाली ठेवावा. खताची रिकामी गोणी धुऊन वापरण्याचा मोह टाळावा. तिच्या विणीत राहिलेले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि ते अंकुराला पोहोचतं.

पूर्वीच्या कणग्या शेणामातीने लिंपलेल्या असत. कोरड्या प्रदेशात त्या बऱ्यापैकी चालत, पण पावसाळी वाऱ्यात लिंपण ओल धरतं. मराठवाडा-सोलापूरकडच्या पेवांचं तत्त्व मात्र फार मोलाचं होतं. जमिनीखाली बंद केलेल्या धान्यात दाणे आणि किडी मिळून आतला प्राणवायू संपवत, मग किडी मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर माणसं लगेच आत उतरत नसत, जीव गुदमरण्याचा धोका असे. भिंतीलगतचा थर ओलीने खराब होई, ही त्याची मर्यादा होती. ज्वारी खायची होती म्हणून ते चालून जाई, बियाण्याला चाललं नसतं.

आजची त्रिस्तरी हवाबंद पिशवी हेच काम ओल न येऊ देता करते. आत दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाहेर विणलेली गोणी असते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ही पद्धत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या चवळीसाठी विकसित झाली आणि नंतर सगळ्या धान्यांना लागू पडली. भरताना आतली पिशवी काठोकाठ भरू नये. वर वीतभर मोकळी जागा सोडून दाबत हवा बाहेर काढावी, तोंड पिळून दुमडावं आणि रबराने किंवा दोरीने घट्ट बांधावं. मग दुसरी पिशवी तशीच बांधावी आणि शेवटी बाहेरची गोणी शिवावी. आतला प्राणवायू घटला की सोंडे (दाणे पोखरणारे सोंडेचे किडे) खाणं थांबवतात, अंडी घालणं थांबतं आणि पुढे ते मरतात. औषधाची गरज पडत नाही. दोन शत्रू सांभाळावे लागतात. एक उंदीर, कारण एक छिद्र पडलं की सगळं व्यर्थ. आणि दुसरा आपली उत्सुकता: मधूनमधून उघडून पाहिलं की प्राणवायू पुन्हा आत जातो.

घरात पत्र्याची कोठी असेल तर तीही चांगली, फक्त झाकण आणि खालचं तोंड घट्ट बसायला हवं. फटीवर रुंद चिकटपट्टी लावावी. कोठी तोंडापर्यंत भरावी, अर्धी रिकामी ठेवली तर आतली हवाच भरपूर राहते. २०० लिटरचा निळा प्लॅस्टिक ड्रम झाकणाला रबरी कडं आणि पट्टा असलेला मिळाला तर छोट्या शेतकऱ्यासाठी हा माझ्या मते सगळ्यात व्यवहारी पर्याय आहे. त्यात दीडशे किलोच्या आसपास गहू मावतो आणि एका हेक्टरला १०० ते १२५ किलो बियाणं लागतं, म्हणजे एका हेक्टराचं बियाणं एका ड्रममध्ये बसतं. उंदराला पोखरणं अवघड जातं, वर्षानुवर्षं टिकतो. मात्र त्यात पूर्वी रसायन किंवा कीटकनाशक भरलेलं नव्हतं याची खात्री हवी, शंका असेल तर घेऊच नये.

कोठी, ड्रम किंवा पिशवी पत्र्याच्या शेडखाली ठेवू नये. घरातली उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली निवडावी. त्याच खोलीत युरिया, तणनाशकाच्या बाटल्या, डिझेल ठेवू नये. २,४-डी सारख्या तणनाशकाची वाफ बियाण्याला बाधते.

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव पट्ट्यातल्या खपली गव्हाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचा दाणा मळणीनंतरही तुसातच राहतो. बियाणं तुसासकटच ठेवावं आणि तुसासकटच पेरावं. कांडून तूस काढायच्या प्रयत्नात अंकुराला मार बसतो, शिवाय तूस किडीला बऱ्यापैकी अडवतं.

किडी: कोण काय करतं

सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि तोंड चिकट द्रावाने बंद करते. अळी आतच वाढते आणि महिन्याभरात भुंगा बाहेर पडतो. म्हणजे छिद्र दिसलं तेव्हा एक पिढी होऊन गेलेली असते. दाण्यात छिद्रं आणि कोठीच्या तळाला पिठासारखी भुकटी साचली तर छोटा भुंगेरा आहे असं समजावं. खापरा भुंगेऱ्याची केसाळ अळी सुरुवात अंकुरापासून करते, त्यामुळे तिने थोडं खाल्लं तरी बियाणं गेलं. ती पोत्याच्या विणीत आणि भिंतीच्या भेगांत अन्नाविना खूप काळ लपून राहते. म्हणून रिकामी कोठी आणि खोली आधी साफ करणं हाच खरा उपाय आहे. जुना कचरा जाळावा, भेगा सिमेंटने बुजवाव्यात, भिंतीला चुना मारावा, जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावीत.

गव्हातला ओलावा ९-१० टक्क्यांच्या खाली असेल तर सोंड्याला वाढता येत नाही. खापरा मात्र याहून कितीतरी कोरड्या दाण्यातही जगतो. त्याला रोखायला कोरडेपणा आणि स्वच्छता दोन्ही लागतात.

कडुनिंबाचा पाला, राख, वेखंड यांबद्दल स्पष्ट सांगायचं तर त्यांचा उपयोग काही प्रमाणात आहे, पण ते वाळवणाची जागा घेऊ शकत नाहीत. पाला किडीला दूर ठेवतो, दाण्यातल्या अळीला मारत नाही. तो सावलीत पूर्ण वाळवूनच टाकावा. हिरवा पाला टाकला तर आपणच कोठीत पाणी ओततो. बारीक चाळलेली कोरडी राख किडीच्या अंगावरचं मेणासारखं आवरण घासून तिला सुकवते, म्हणून ती बियाण्यासाठी चांगली. एरंडेल तेलाचं चोळणं कडधान्यात जास्त फळतं, कारण तिथला भुंगेरा अंडी दाण्याच्या वर चिकटवतो. गव्हात सोंड्याचं अंडं आत दडलेलं असतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाचाही त्याने जीव जातो. या गोळ्यांचा वापर कायद्याने मर्यादित आहे. फक्त सरकारी यंत्रणा किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे कीडनियंत्रक त्या वापरू शकतात. कुणी सुट्या विकत असेल तर घेऊ नयेत. शिवाय दमट बियाण्याला हा वायू दिला तर उगवणही घटते. हवाबंद पिशवीत हेच काम कुणाच्याही जिवाला धोका न होता होतं.

पावसाळ्यात काय करायचं

हवाबंद केलेल्या ड्रमला किंवा पिशवीला हात लावू नये. फक्त बाहेरून उंदराचं छिद्र, गळती, झाकणाचा सैलपणा पाहावा. छताला गळती लागली तर आधी बियाणं हलवावं.

पोत्यातलं बियाणं मात्र दर पंधरा दिवसांनी तपासावं. पोत्याच्या मधोमध हात खुपसून उबदार लागतंय का पाहावं. कोरडा गहू आतही खोलीइतकाच गार असतो. आत ऊब लागली म्हणजे किडी किंवा बुरशी काम करतेय. अशा वेळी ऑगस्टमधल्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी गहू पसरण्याची घाई करू नये. पावसाळ्यात ऊन पडलं तरी हवा दमट असते आणि पसरलेला गहू सुकण्याऐवजी ओल धरू शकतो. दोन-तीन दिवस सलग स्वच्छ ऊन असेल तरच वाळवावा आणि रोज संध्याकाळी झाकावा. नाहीतर तो बियाण्यातून वगळून दळणाला काढावा. हा निर्णय ऑगस्टमध्ये घेतलेला परवडतो, कारण बाहेरून बियाणं आणायला तेव्हा वेळ हातात असतो.

उगवण चाचणी: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात

ताजा काढलेला गहू काही आठवडे सुप्तावस्थेत असतो. शिवाय मेमधल्या चाळीस अंशांत गहू नीट उगवत नाही, कारण त्याला २० अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेल्या चाचणीत आकडा कमी आला तर घाबरून जाऊ नये. खरी चाचणी ऑक्टोबरात घ्यावी. पेरणीला महिना शिल्लक असतो आणि हवाही मेपेक्षा निवलेली असते.

ड्रम उघडून वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ गहू घ्यावा, एकत्र करावा आणि त्यातून डोळे झाकून ४०० दाणे मोजावेत. चांगले दाणे निवडून घेतले तर चाचणी स्वतःलाच फसवते. जाड कागद किंवा वर्तमानपत्राचे चार-पाच थर भिजवून पिळून घ्यावेत. पाणी ठिबकता कामा नये. त्यावर १०० दाणे ओळीने मांडून वर आणखी एक ओला थर टाकून गुंडाळी करावी. अशा चार गुंडाळ्या करून प्लॅस्टिकच्या पिशवीत उभ्या ठेवाव्यात. माठाशेजारची गार जागा उत्तम.

चौथ्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची. सरळ कोंब आणि दोन-तीन निरोगी मुळं असलेलं रोपच मोजावं. नुसतं मूळ आलेलं, वाकडं, बुरशीने वेढलेलं रोप धरू नये. चारही गुंडाळ्यांची सरासरी म्हणजे उगवण टक्केवारी.

पण टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे उगवणीचा जोम, आणि घरोघरी नेमकं हेच दुर्लक्षित राहतं. साठवणीत बियाणं म्हातारं होताना आधी जोम जातो आणि उगवण नंतर. जोम गेला असेल तर कागदावर ८८ टक्के दाखवणारं बियाणं शेतात ५-६ सेंटीमीटर खोल पडलं की निम्मंच वर येऊ शकतं. म्हणून चौथ्या दिवशी बहुतेक दाणे उगवले का ते पाहावं. आठव्या दिवसापर्यंत रेंगाळणारे दाणे जास्त असतील तर बियाणं थकलंय. त्याच वेळी एका घमेल्यात शेतातली माती भरून १०० दाणे पाच सेंटीमीटर खोल पेरावेत. घमेल्यातला आकडा आणि कागदावरचा आकडा जवळ असतील तर निश्चिंत पेरावं. दोन्हींत वीस-पंचवीसचा फरक असेल तर बियाणं बदलणं शहाणपणाचं.

उगवण कमी आली तर बियाण्याचं प्रमाण वाढवता येतं. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर १०० किलोत २५ लाख दाणे येतात. ८५ टक्के उगवले तर २१ लाखांच्या वर रोपं, आणि गव्हाला हेक्टरी २० ते २२ लाख रोपं लागतात. उगवण ७० टक्के आली तर ८५ ला ७० ने भागून १०० ने गुणायचं: सुमारे १२१ किलो. ७० च्या खाली गेलं तर मात्र हा हिशोब कागदावरच राहतो. जोम गेलेला असल्याने जास्त बियाणं टाकूनही रोपं एकसारखी येत नाहीत.

पेरणीच्या आधी

बुरशीनाशक साठवणीत घालू नये, पेरणीच्या तोंडावर लावावं. औषध न लावलेला राहिलेला गहू खाता येतो, एकदा थायरम हे बुरशीनाशक लावलं की तो मार्ग बंद होतो. थायरम किलोला ३ ग्रॅम या प्रमाणात आधी चोळावं, सावलीत सुकवावं आणि मग अॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारं जिवाणू संवर्धक लावून लगेच पेरावं. काणीची शंका असेल तर थायरमऐवजी कार्बोक्सिनसारखं आंतरप्रवाही बुरशीनाशक लागतं, कारण काणी दाण्याच्या आत बसलेली असते.

दर तीन वर्षांनी एकदा प्रमाणित बियाणं आणून घरची पिढी नवी करावी. प्रमाणित पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात) पांढरी. पिशवीवर चाचणीची तारीख पाहावी, कारण वैधता त्या तारखेपासून नऊ महिने असते. आपलं बियाणं स्वतः ठेवण्याचा, शेजाऱ्याशी अदलाबदल करण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिला आहे.

पेरून उरलेलं बियाणं थायरम लावलेलं असेल तर जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नये, वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब खड्ड्यात पुरावं. न लावलेलं उरलं आणि ओलावा अजून दहाच्या खाली असेल तर पुन्हा बंद करता येतं, पण पुढच्या नोव्हेंबरात ते दुसऱ्या पावसाळ्यातून गेलेलं असेल. म्हणून त्या ड्रमवर जात, मळणीचं वर्ष, भरतानाचा ओलावा आणि ऑक्टोबरातली उगवण खडूने नाही तर न पुसणाऱ्या रंगाने लिहून ठेवावी, आणि पुढच्या वर्षी चाचणी आधी त्याचीच घ्यावी.